नांदेडचा अस्सल भांगडा

मला भांगडा येत नाही. हे एवढं साधं वाक्य मी सोळाव्या वर्षी बोलायला हवं होतं. तेव्हा बोललो नाही, आणि आता पन्नाशीला टेकल्यावर बोलतो तर ऐकणारे हसतात. सर, तुम्हाला नाचायला सांगतंय कोण, असं विचारतात.

आमचं घर नांदेडला, गुरुद्वाऱ्यापासून दोन गल्ल्या सोडून. वडील पाटबंधारे खात्यात, रोज विष्णुपुरीला जाऊन येऊन करायचे. दसऱ्याच्या सुमाराला पंजाबातून यात्रेकरूंच्या गाड्या यायच्या आणि आमच्यामागच्या मोकळ्या मैदानात त्यांचा मुक्काम पडायचा. तिथे मी पहिल्यांदा भांगडा पाहिला. यंत्र नाही, माईक नाही. एक म्हातारा ढोलवाला सकाळपासून ढोल उन्हात ठेवायचा आणि त्याच्या दोऱ्या ताणत बसायचा. एका बाजूला वाकडी जाड काठी, दुसऱ्या बाजूला बारीक कामटी. दिवस कलला की पाचसात आडव्या अंगाचे शेतकरी गोल धरायचे. मध्येच ढोल थांबायचा, एकजण कानावर हात ठेवून दोन ओळी म्हणायचा, बाकीचे त्या उचलायचे आणि मग पुन्हा ढोल. सगळं इतकं सावकाश चालायचं की एकेकाच्या खांद्याची हालचाल मोजता यावी. आजच्या पोरांना सांगितलं की भांगडा सावकाश असायचा, तर ती माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात.

आमच्या शेजारी एका सरदारजींचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. मी त्यांना म्हणालो, चाचा, मला भांगडा शिकवा. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता ते हसायला लागले. "अरे बेटा, हमारे बापदादे यहींच के. हमना कां आता भांगडा? लेझीम बोल, लेझीम करके दिखाता मैं." आणि खरंच, गल्लीतल्या गणपतीत ते लेझमीला सगळ्यात पुढे असायचे. म्हणजे जिथे शिकायची सोय होती तिथेही शिक्षक नव्हता. मी मैदानाच्या कडेला उभा राहून बघितलं, तेवढंच माझं शिक्षण.

दहावीला बरे गुण पडले आणि घरच्यांनी मला लातूरला टाकलं. तेव्हा लातूरच्या क्लासचं नाव नुकतंच गावोगाव व्हायला लागलं होतं. मराठवाड्यातल्या प्रत्येक मास्तराला आणि कारकुनाला वाटायचं की पोराला लातूरला नेऊन सोडलं की दोन वर्षांनी डॉक्टर परत मिळतो. मला पत्र्याची एक खोली मिळाली. दर रविवारी चाचणी, दर मंगळवारी भिंतीवर यादी. नांदेडला मी हुशार होतो, इथे यादीत माझं नाव शोधायला खाली वाकावं लागायचं. पहिले दोन महिने माझ्याशी कुणी चार वाक्यं बोललं असेल तर शपथ. खाणावळीत ताट घेऊन बसायचो तेव्हा समोरचा पोरगा पुस्तकात बघत जेवायचा. मी एकटा पडलो होतो आणि ते कुणाला लिहून कळवायचीही लाज वाटत होती.

मग खोलीत दुसरा भाडेकरू आला. औशाच्या पुढच्या भागातल्या एका खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. पत्र्याची पेटी, गोधडी, डब्यात शेंगदाण्याची चटणी, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू लग्नाला आलाय. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "कुठला गड्या तू?"

"नांदेडचा."

"आरं बाप रे! मग भांगडा येत असंल की तुला."

त्याच्या डोक्यात हिशेब साधा होता. नांदेडला सरदारजी असतात, सरदारजींना भांगडा येतो, म्हणून नांदेडच्या माणसाला भांगडा येतो. चाचा तिथे असते तर तार टाकून हसले असते. पण मला दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. मी म्हणालो, "येतो की."

कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात एक कॅसेट दिवसभर वाजायची. विलायतेला गेलेल्या पंजाब्यांनी तिकडे ढोलाला यंत्रांची जोड दिली होती, आणि तो नवा भांगडा असा फिरत फिरत लातूरच्या त्या हॉटेलापर्यंत आला होता. मैदानातल्या भांगड्यापेक्षा दुप्पट वेगाचा. शब्द आम्हा दोघांनाही कळत नव्हते. पण ढोल पडला की माझ्या मित्राचं पाऊल आपोआप हलायचं, आणि तो म्हणायचा, "शिकव ना गड्या."

तीन संध्याकाळ मी टाळाटाळ केली. चौथ्या संध्याकाळी शिकवायला लागलो. शाळेत लेझीम केली होती, तिची पावलं घेतली. मैदानातल्या शेतकऱ्यांचे खांदे आठवतील तसे घेतले. डावा पाय पुढे, उजवा मागे, खांदे, टाळी, गिरकी. गिरकीपर्यंत ठीक चाललं. त्यापुढे काय करायचं ते मला सुचेना. तो तर समोर कोपरं वाकवून थांबलेला. वेळ काढायला म्हणून मी खाली वाकलो, उजवा तळवा फरशीला लावला आणि कपाळाला नेला.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"जमिनीला नमस्कार. शेतकऱ्यांचा नाच आहे ना हा."

त्यानं फरशीकडे बघितलं. मग म्हणाला, "लई भारी हाय राव हे." आणि त्यानं फरशीला हात लावला, माझ्यापेक्षा कितीतरी मनापासून.

त्यानंतर दोन महिने आमची खोली सुखाची होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. तो मला गणितं समजावायचा, मी त्याला भांगडा. गणितं खरी होती. खोलीची उंची एवढी कमी की हात वर केला की पत्र्याला लागायचा, म्हणून आमचा भांगडा कोपरं वाकवून चालायचा. घरमालकीण बाहेरून ओरडायची, "काय करायलाव रे पोरांनो, पाडता का खोली?" यादीत त्याचं नाव वरवर चढत होतं आणि माझंही त्याच्यामागून सरकत होतं.

गणपती आले. त्याला गावी जायचं होतं, आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी क्लासमध्ये मोठी चाचणी होती. त्यानं जायचं रद्द केलं. दिवसभर पुस्तक धरून बसला, पण पान उलटत नव्हतं. गावात विसर्जनाला सगळे त्याच त्या उड्या मारतात, हे दाखवलं असतं तर धमाल आली असती, असं दोनदा म्हणाला. मी म्हणालो, "अरे जा ना. चाचणी दर आठवड्याला असते, गणपती वर्षातून एकदा. जा आणि दाखव त्यांना नांदेडचा अस्सल भांगडा."

'अस्सल' हा शब्द मी वापरला. तो मला अजून टोचतो.

तो उठला, शर्ट बदलला आणि दुपारच्या निलंगा गाडीनं गेला. फाट्यावर उतरून पुढे चालत जायचं असायचं. मी स्टँडवर सोडायला गेलो होतो. खिडकीतून त्यानं कोपर वाकवून खांदा हलवला, खोलीतल्यासारखा. गाडीत मोकळी जागा होती, तरी हात वर करायची त्याला सवयच राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जमीन हलली. त्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय, मी वेगळं काय सांगू. आमचा पत्रा वाजला, आम्ही सगळे गल्लीत आलो, आणि लातूरचं थोडक्यात निभावलं असं समजून काही जण चहाला गेले. दहाच्या सुमाराला त्या भागातल्या गावांची नावं यायला लागली. त्यात त्याच्या गावाचं नाव होतं. दुपारी वडील नांदेडहून आले आणि माझं सामान भरून मला घेऊन गेले. मी नाही म्हणालो नाही. मला भीती वाटत होती, आणि ती भीती फक्त जमिनीची नव्हती.

नांदेडला गुरुद्वाऱ्यात भूकंपाच्या गावांसाठी लंगर लागला होता. अख्खी गल्ली तिथे. मी पोळ्या लाटायला बसलो. चाचा ट्रकवर चढले होते. ते त्याच बाजूला निघाले होते, आणि मागे जागा होती. "चलता क्या बेटा?" त्यांनी विचारलं. मी हातातलं लाटणं दाखवलं, म्हणजे इथे काम आहे अशा अर्थानं. ट्रक गेला आणि मी लाटत राहिलो.

तो गेला होता. त्याचे आईवडील आणि धाकटी बहीणही. हे मला दिवाळीनंतर लातूरला परतल्यावर नक्की कळलं, त्याचा चुलता पेटी न्यायला आला तेव्हा. चुलता त्या रात्री शेतात आखाड्यावरच्या खोपीत झोपायला गेला म्हणून वाचलेला. चाळिशीचा माणूस, पण पेटी उचलताना म्हाताऱ्यासारखा वाकला. गोधडीची घडी करता करता त्यानं मला विचारलं, "परीक्षा हाय, येत न्हाई, असं पत्र धाडलं होतं पोरानं. मग का आला असंल रे?"

मी म्हणालो, "ठाऊक नाही."

त्यानं पेटी खांद्यावर घेतली आणि तो गेला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, पण भांगडा मात्र मला त्या वर्षांत कुठेच चुकवता आला नाही. तो माझ्यामागे लागल्यासारखा बदलत बदलत येत राहिला. आधी टीव्हीवर आला, चकचकीत कुर्ते घालून. मग लग्नांच्या वरातीत बँजो पार्टीवाल्यांनी तो उचलला, आणि जिथे मैदानातला म्हातारा दोन ओळींसाठी ढोल थांबवायचा तिथे आता कॅसिओची शिट्टी घुसली. मग डीजे आला. ढोल एका डब्यात गेला आणि डबा ट्रॅक्टरवर चढला. खिडक्यांच्या काचा वाजायला लागल्या की मी दारं लावून बसायचो, आणि शेजारी म्हणायचे की सरांना गाण्याचं वावडं आहे. अलीकडे मंगल कार्यालयात नवरदेवाच्या पुढे फेटे बांधलेले चार ढोलवाले येतात. एकदा चौकशी केली तर चौघेही लातूरचेच निघाले, पिढीजात हलगी वाजवणारे. ढोलाला प्लॅस्टिकचा पडदा, आवळायला नटबोल्ट, उन्हात ठेवायची गरज नाही. पण कान देऊन ऐकलं तर काठी पंजाबी आणि चाल आपल्या हलगीची. मला त्यांचा राग आला नाही. लेझमीवर भांगडा बेतणाऱ्या माझ्याच जातकुळीची माणसं, असं वाटलं.

मी डॉक्टर झालो नाही. बीएस्सी केलं, आणि लातूरच्याच एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायला लागलो. तोवर लातूर पार बदललं होतं. पत्र्याच्या खोल्यांच्या जागी चारमजली वसतिगृहं उभी राहिली, चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, रस्त्यावर सगळी सोळासतराची माणसं. बायकोची नोकरी नांदेडच्या शाळेत, म्हणून ती आणि मुलगी तिकडे. मी इथे खोली करून राहतो, कारण रविवारी चाचणी असते. ती रविवारची चाचणी तेवढी जशीच्या तशी राहिली. खाणावळीत बसलो की समोरचा पोरगा मोबाइलमध्ये बघत जेवतो. तीस वर्षांत पुस्तकाच्या जागी मोबाइल आला, माझं ताट तेच.

एक गोष्ट मात्र मला आतून कुरतडत राहिली. तो नाचला का? गाडी वेळेवर पोचली का, फाट्यावरून चालत जाताना अंधार पडला का, मिरवणूक संपून गेली होती का? निदान नाचला असेल तर माझ्या 'जा' ला काहीतरी अर्थ होता. आणि तो नाचल्यावर गावातल्या कुणी शहाण्यानं म्हटलं असेल का, की हट, हा कसला भांगडा? हे विचारायला त्या गावाला जायला हवं होतं. गाव लांब नाही, सकाळी निघून दुपारी परत येता येतं. मी गेलो नाही. नव्या वसाहतीची पाटी एसटीतून दिसली की मी दुसऱ्या खिडकीतून बघायचो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या क्लासच्या स्नेहसंमेलनाची तालीम चालली होती. मुलांना शिस्त लावायचं काम माझ्याकडे, कारण मी चिडका आहे असा लौकिक आहे. एकापाठोपाठ एक भांगडे चालले होते, सगळे मोबाइलवर बघून बसवलेले, सगळ्यांच्या उड्या सारख्या. मग अकरावीच्या चार मुली आल्या. गाणं तेच धांगडधिंग्याचं, पण पावलं वेगळी. डावा पाय पुढे, उजवा मागे. खांदे, टाळी, गिरकी. कोपरं वाकलेली, एवढा मोठा रंगमंच असून एकीचाही हात वर जात नव्हता. आणि गिरकी संपली तशा चौघी खाली वाकल्या, उजवा तळवा जमिनीला लावला आणि कपाळाला नेला.

मी खुर्चीवरून उठलो. मुलींना वाटलं, सर आता ओरडणार.

"हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही सर. आमच्या गावात गणपतीला असंच करतात."

"कुठलं गाव?"

तिनं नाव सांगितलं. मग म्हणाली, "भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी गावातल्या एका दादानं सगळ्यांना शिकवलं होतं म्हणे. तो लातूरला शिकायला होता. नांदेडच्या मित्राकडून शिकून आला होता. आमचे आजोबा सांगतात, हा अस्सल आहे."

मी म्हणालो, छान आहे, हात जरा वर घ्या. दुसरी मुलगी लगेच म्हणाली, "नाही सर, यात हात वर घ्यायचेच नसतात." मी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि रडलो. खाली चहावाल्यानं बघितलं, त्याची मला लाज वाटली नाही.

त्यानंतरच्या अनंत चतुर्दशीला मी दुपारच्या निलंगा गाडीनं गेलो. फाट्यावर उतरलो. नवी वसाहत सरळ रेघांची, बुटक्या घरांची. मिरवणूक चार वाजता निघाली. ट्रॅक्टरवर डीजे होता, पण एका ठिकाणी तो बंद केला, हलगी घेतली आणि शंभरेक माणसं रस्त्यात गोल उभी राहिली. बायका, पोरं, पोलिसपाटील, सगळी. कोपरं वाकवून. मी कडेला उभा होतो. सावकाश चाललं होतं, मैदानातल्यासारखं.

देवळाच्या ओट्यावर चुलता बसला होता. केस पांढरे, हातात काठी, पण मी ओळखलं. मी जवळ जाऊन पाया पडलो आणि सगळं एका दमात बोललो. मी तो नांदेडचा. पेटी न्यायला तुम्ही आला होतात. तो येणार नव्हता, मीच त्याला जा म्हणालो. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.

त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि मला शेजारी बसायला जागा करून दिली.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "आल्या आल्या त्यानंच सांगितलं होतं. दोस्तानं जबरदस्तीनं धाडलं म्हणला. लई खुशीत होता. दिवे लागंपर्यंत नाचला, आन् नाचवला समद्यास्नी."

"मग तुम्ही मला का विचारलंत?"

"घरात कुणी उरलं नव्हतं बाबा, त्याच्याबद्दल बोलायला. वाटलं, तू सांगशील काय काय. खोलीत कसा राहायचा, काय खायचा, कसा शिकला हे. तू ठाऊक न्हाई म्हणलास, मग पेटी उचलली."

तीस वर्षं मी समजत होतो की त्यांना जाब हवा होता.

"मधी काही माणसं म्हणली," ते पुढे म्हणाले, "की ते वाकायचं काढून टाका. ह्या जमिनीला कशाला हात लावायचा, हिनं काय ठेवलं आपलं. भांडणं झाली. पर मी म्हणलं, न्हाई. पोरानं शिकवलंय तसंच करायचं. नांदेडचं अस्सल हाय ते."

ते वाकणं म्हणजे पुढची पायरी सुचेना म्हणून मी काढलेला वेळ होता, हे सांगायला मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता सांग," ते म्हणाले. "कसा शिकला तो खोलीत?"

मी सांगायला लागलो. पत्रा किती खाली होता, घरमालकीण कशी ओरडायची, गणितं कोण कुणाला समजवायचं. ते हसत होते आणि डोळे पुसत होते. तेवढ्यात ती क्लासमधली मुलगी आली आणि सर, चला, म्हणत मला ओढून गोलात घेऊन गेली. डावा पाय पुढे, उजवा मागे, खांदे, टाळी, गिरकी. गिरकीनंतर मी थांबलो.

"सर, वाका," ती म्हणाली. "इथं वाकायचं असतं."

मी वाकलो आणि जमिनीला हात लावला.